चंद्रावरील आखाडा

२०२३ सालच्या ऑगस्ट महिन्याच्या २३ तारखेस चांद्रयान-३ चे विक्रम हे अवतरक चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडील प्रदेशात उतरले, आणि तेव्हापासून हा दिवस राष्ट्रीय अंतराळ दिवस म्हणून पाळण्यात येतो. या दिवसाच्या निमित्ताने शाळेत कोणता कार्यक्रम करावा, याचा विचार करण्यासाठी बेला येथील काही शिक्षकमित्र एकत्र जमले असता एकाने अनपेक्षित सूचना केली. १९६७ साली निघालेला 'चाँद पर चढाई' हा हिंदी बोलपट मुलांना दाखवावा, असे त्याचे म्हणणे होते. ही सूचना ऐकताच विज्ञान शिकविणारे एक गृहस्थ हसले, आणि मुलांना चुका शोधावयास लावावयाच्या असतील तर याहून चांगले साधन मिळणार नाही, असे म्हणाले. भाषा शिकविणाऱ्या दुसऱ्या गृहस्थांना ही सूचना मुळीच रुचली नाही. असल्या गल्लाभरू चित्रांना शाळेत प्रवेश देणे म्हणजे अभिरुचीचा घात करणे होय, असे त्यांचे मत पडले. वाद वाढला, शेवटी चित्रपट आधी आपण पाहावा आणि मग बोलावे, असे ठरले. आम्ही तो त्या बैठकीत पाहिला. पुढील विवेचन त्या वादातून निघाले आहे.

बेला हे आदिलाबाद जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरील, कापूस पिकविणाऱ्या मुलखातील गाव. पैनगंगा ओलांडली की महाराष्ट्र लागतो. १९५६ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद राज्यात होता, नंतर आंध्र प्रदेशात गेला आणि २०१४ पासून तेलंगणात आहे. राज्ये बदलली, तरी पुष्कळ घरांतली बोली मराठीच राहिली. घरी मराठी, कचेरीत तेलुगू आणि बाजारात हिंदी अशा तीन भाषांत वावरणाऱ्या माणसाला, ज्याचा नायक जिभेपेक्षा बाहूंनी अधिक बोलतो असा चित्रपट जवळचा वाटावा, यात नवल नाही. आमच्या बैठकीतील वडीलधाऱ्यांना दारासिंगचे बोलपट तंबूतल्या पडद्यावर पाहिल्याचे स्पष्ट स्मरत होते. कथानक मात्र एकाचेही कुणास सांगता येईना. ही विस्मृती बोलकी आहे, आणि तिच्याकडे आम्ही पुढे वळणार आहोत.

'चाँद पर चढाई'चे दिग्दर्शक टी. पी. सुंदरम् आणि संगीतकार उषा खन्ना. दारासिंग यात कॅप्टन आनंद या अंतराळवीराच्या भूमिकेत आहे. अन्वर हुसेन, पद्मा खन्ना, हेलन ही मंडळी सोबतीस आहेत. आनंद आणि त्याचा भागू नावाचा साथीदार चंद्रावर पोचतात, तेथे त्यांची गाठ राक्षसी प्राण्यांशी आणि परग्रहावरील योद्ध्यांशी पडते, आणि मग कॅप्टन आनंद एकामागून एकास लोळवितो. कथानक एवढेच. चंद्रावर हवा आहे, गाणी आहेत, आणि शत्रूला आपटावयास आवश्यक तेवढी भक्कम जमीनही आहे. खर्च फार बेताचा केला आहे, हे कोणाही प्रेक्षकाच्या पहिल्या काही मिनिटांतच ध्यानात येते.

असल्या कृतीविषयी दोन प्रकारांनी बोलण्याची आज प्रथा पडली आहे. पहिला प्रकार उपहासाचा. नेपथ्य कसे लटके, राक्षसाच्या कातड्याखाली माणूस कसा उघड दिसतो, हे सांगून हशा पिकवावयाचा. दुसरा प्रकार गहिवराचा. आपल्या बाळपणी हेच पाहून आपण कसे थक्क झालो होतो, हे सांगून त्या चित्राला एक कृत्रिम तेज आणावयाचे. हे दोन्ही प्रकार समीक्षेला जड जात नाहीत, आणि दोन्हींत ती आपले काम टाळते. पहिल्यात कृतीची गरिबी हाच तिचा गुन्हा ठरतो; दुसऱ्यात तिची गरिबी हाच तिचा गुण ठरतो. कृतीने आपल्या हाती असलेल्या सामग्रीचे काय केले, हा खरा प्रश्न दोन्ही ठिकाणी विचारलाच जात नाही.

तेव्हा प्रथम गरिबीचाच विचार करू. अल्प साधनांनी अद्भुत उभे करता येत नाही, असे म्हणणे आदिलाबाद जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाला तरी शोभणार नाही. दिवाळीच्या सुमारास येथील राजगोंडांच्या वस्त्यांतून दंडारी निघते. तीत गुसाडी नाचतात. अंगाला राख फासलेली, डोक्यावर मोरपिसांचा भव्य टोप, हातात दंड; एवढ्या सामग्रीवर कालपर्यंत नांगर धरणारा माणूस त्या दिवसांपुरता कोणी निराळाच होतो. तेथे पडदा नाही, दिव्यांची योजना नाही. तरीही पाहणारा त्याला सामान्य माणूस म्हणून पाहत नाही. कोकणातील दशावतारात एका बाकड्यावर इंद्राचा दरबार भरतो, आणि प्रेक्षक तो निमूटपणे मान्य करतो. लोककलेची गरिबी प्रेक्षकाच्या कल्पनेला कामाला लावते, आणि तेथेच तिची श्रीमंती आहे.

कोणी म्हणेल, चित्रपटाचे तसे नाही. कॅमेरा जे समोर असेल तेच दाखवितो, म्हणून त्याला पैसा हवाच. हा आक्षेप अर्धा खरा आहे. बाकड्याला सिंहासन मानण्याचा संकेत कॅमेऱ्यापुढे सहसा टिकत नाही, हे मान्य. परंतु कॅमेऱ्याजवळ त्याची स्वतःची अशी काही जादू आहे, आणि ती फार महाग नाही. दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढण्यापूर्वी भांडवल मिळविण्यासाठी वाटाण्याच्या रोपाच्या वाढीचे एक लहानसे चित्र तयार केले होते. रोप दिवसांदिवस वाढत असता त्याचे थोडे थोडे चित्रण करीत गेले, आणि ते सलग दाखविताच अनेक दिवसांची वाढ क्षणांत डोळ्यांपुढे उभी राहिली. त्याला लागले काय? एक कुंडी, एक कॅमेरा आणि चिकाटी. बीजाला अंकुर फुटणे ही नित्याची गोष्ट. पण ती अशा रीतीने पाहताना जो विस्मय होतो तो शंभर टक्के वैज्ञानिक विस्मय आहे. पुढे १९३७ साली 'ख्वाब की दुनिया' या बोलपटात बाबूभाई मिस्त्री यांनी काळ्या दोऱ्याच्या साह्याने वस्तू आपोआप हलताना दाखविल्या, आणि त्यामुळे त्यांना 'काला धागा' हे टोपणनावच पडले. हेच बाबूभाई १९६२ च्या 'किंग काँग'चे दिग्दर्शक, आणि त्याच चित्रपटाने दारासिंगला पडद्यावरील नायक म्हणून लोकप्रियता मिळवून दिली. म्हणजे दोऱ्याने चमत्कार घडविण्याची परंपरा या चित्रपटाच्या अगदी घरची होती. साधने तोकडी होती, ही सबब म्हणून पुरी पडत नाही.

मग उणीव कोठे आहे? आमच्या मते ती एकाच जागी आहे. या चित्रपटाला चंद्र नको आहे. त्याला आखाडा हवा आहे.

हे विधान थोडे फोडून सांगावयास हवे. कुस्ती ही वजनाची कला आहे. मल्ल प्रतिस्पर्ध्याचा तोल घालवितो, त्याला उचलतो, खाली आणतो, आणि त्याची पाठ मातीला लावून वरून आपला भार टाकतो. चीतपट या शब्दातच जमीन गृहीत धरलेली आहे. आता हाच मल्ल चंद्रावर नेऊन पाहा. तेथील गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सुमारे एक षष्ठांश. पृथ्वीवरील तराजूवर जो शंभर किलो भरतो, त्याचा भार तेथे सोळा-सतरा किलोंइतकाच जाणवेल. त्याच्या स्नायूंचे बळ मात्र तेवढेच राहील. तो प्रतिस्पर्ध्याला लीलया उचलील. पण आपटू गेल्यास तो सावकाश, एखाद्या पानासारखा खाली येईल. वरून दाबावे, तर दाबावयास भार नाही. जोराने ढकलावे, तर ढकलणाराच मागे जाईल, कारण पाय रोवण्याइतकी जमीन त्याला धरून ठेवणार नाही. पृथ्वीवर अजिंक्य असलेला हिंदकेसरी चंद्रावर एखाद्या पोरसवदा गड्यालाही चीत करू शकणार नाही. ही कल्पना एकाच वेळी हास्यकारक आहे आणि करुणही आहे. शिवाय तिला खर्च नाही. चित्रण करताना फीत नेहमीपेक्षा अधिक वेगाने फिरवावी आणि दाखविताना नेहमीच्या वेगाने दाखवावी, म्हणजे पडणारा माणूस तरंगत पडतो. ही युक्ती त्या काळी कॅमेरा चालविणाऱ्या कोणालाही ठाऊक होती.

विज्ञानकथेची कसोटी आम्ही अशी समजतो, की तिच्यातील विज्ञान काढून घेतले असता कथा उभी राहता कामा नये. 'चाँद पर चढाई'मधील चंद्र काढून तेथे एखादे निर्जन बेट किंवा पाताळनगरी ठेवा. एकही प्रसंग बदलावा लागणार नाही. चार वर्षांपूर्वी, १९६३ साली, एम्. जी. रामचंद्रन् यांची भूमिका असलेला 'कलै अरसि' हा तमिळ बोलपट निघाला होता. त्यातही साधने मोठी नव्हती, आणि शास्त्रीय काटेकोरपणा नव्हता. परंतु परग्रहावरचे लोक पृथ्वीवर येतात ते संगीताच्या शोधात, अशी एक कल्पना त्याच्या मुळाशी होती. ज्या लोकांजवळ यंत्रे आहेत त्यांच्याजवळ गाणे नाही, हा विचार भाबडा असेल. तरी तो विचार आहे. परका ग्रह तेथे आपल्याला आपल्याविषयी काही सांगतो. आमच्या चित्रपटातील चंद्र आम्हांला काहीच सांगत नाही.

त्या काळी चंद्राविषयी माहितीच नव्हती, असेही म्हणता येत नाही. १९६६ च्या फेब्रुवारीत रशियाचे लूना-९ चंद्रावर अलगद उतरले होते, आणि तेथील ओसाड, खडकाळ भूमीची छायाचित्रे पृथ्वीवर आली होती. आपल्याकडे १९६३ च्या नोव्हेंबरात थुंब्याहून पहिला अग्निबाण उडाला होता. १९६६ सालीच मुंबईत मराठी विज्ञान परिषदेची स्थापना झाली, आणि पुढे तिच्याच कथास्पर्धेतून १९७४ साली जयंत नारळीकर मराठी कथेच्या क्षेत्रात आले. म्हणजे विज्ञानाकडे कल्पनेच्या डोळ्यांनी पाहण्याची उत्सुकता हवेत होती. चित्रपटाने त्या उत्सुकतेचे नाव तेवढे घेतले. तिचा आशय घेतला नाही.

असे का घडले असावे? केवळ आळसामुळे घडले, असे आम्हांस वाटत नाही. असल्या चित्रपटाचे खरे भांडवल नायकाचे शरीर हे असते. १९५४ साली रुस्तम-ए-हिंद झालेला, जगभरच्या मल्लांशी झुंजलेला दारासिंग प्रेक्षकांना हवा होता तो त्याच्या वजनासह. तो उभा राहिला की भूमी त्याची वाटते. तो आपटतो तेव्हा आपटल्याचा आवाज यावयास हवा. चंद्राचा नियम पाळावयाचा, तर हे वजनच त्याच्यापासून काढून घ्यावे लागले असते. निर्मात्याने तिकीट लावले होते ते नेमके त्याच वजनावर. विज्ञान आणि नट यांच्यातील या झगड्यात नटाची सरशी झाली, आणि चंद्र हरला. नटाच्या लौकिकावर उभारलेल्या सगळ्याच कृतींना हा धोका असतो. आमच्या बैठकीतील वृद्धांना दारासिंग स्मरतो आणि कथानक स्मरत नाही, याचे कारणही हेच. प्रत्येक चित्रात जागेचे नाव बदलत होते आणि कुस्ती तीच राहत होती. १९६७ पर्यंत तिच्या नावीन्याला ओहोटी लागली होती. नवी भूमी सापडत नाही असे दिसताच निर्माते चंद्राकडे वळले, असा तर्क केल्यास तो फार चुकीचा ठरू नये.

आतापर्यंत आम्ही दारासिंगविषयीच बोललो. परंतु मराठी वाचकाची नजर या चित्रपटात ज्याच्यावर खिळावी तो नट दुसराच आहे. कॅप्टन आनंदाचा साथीदार भागू याची भूमिका भगवान यांनी केली आहे. आज ज्यांना आपण भगवानदादा म्हणून ओळखतो, तेच हे भगवान आबाजी पालव. त्यांचा जन्म १९१३ साली अमरावतीस झाला. वडील गिरणी कामगार. त्यामुळे मुंबईच्या कामगारवस्तीत ते वाढले आणि मूकपटांच्या काळात चित्रसृष्टीत शिरले. भागू हे नाव कानांवर पडताच, भगवान या नावाचे मराठी घरांत होणारे लाडके रूप आपल्याला ओळखीचे वाटते.

हा विनोदी साथीदार एकेकाळी स्वतःच मारधाडीच्या चित्रांचा नायक होता. तिसाव्या आणि चाळिसाव्या दशकांत त्यांनी अल्प खर्चाची असंख्य साहसचित्रे काढली, त्यांत स्वतः उड्या घेतल्या, स्वतः मार खाल्ला. बदली माणूस उभा करण्याची चैन त्यांना नव्हती आणि हौसही नव्हती. गिरणगावचा प्रेक्षक त्यांच्यावर लुब्ध होता. या खऱ्या मारामारीला दुसरी बाजूही होती, आणि ती झाकणे अप्रामाणिकपणाचे होईल. १९४२ साली 'जंग-ए-आझादी'च्या चित्रणात त्यांच्या हातची थप्पड ललिता पवार यांना इतकी जोरात बसली, की त्यांना मुखाचा पक्षाघात झाला आणि एका डोळ्याला कायमची इजा झाली. शरीर पणाला लावणाऱ्या कलेत कधी कधी दुसऱ्याचे शरीरही पणाला लागते, ही गोष्ट त्या काळच्या साहसचित्रांचे कौतुक करताना विसरता येत नाही.

१९५१ साली 'अलबेला' आला. निर्माता भगवान, दिग्दर्शक भगवान आणि नायकही भगवान; गीता बाली नायिका आणि सी. रामचंद्र संगीतकार. या चित्राने त्यांना कीर्तीच्या शिखरावर नेले. पुढे तो योग जुळून आला नाही. 'झमेला' त्या तोडीचा ठरला नाही, 'लाबेला' १९६६ साली पडला. वैभव ओसरले, मालमत्ता विकावी लागली, आणि २००२ च्या फेब्रुवारीत दादर येथील चाळीत त्यांचा शेवट झाला. 'चाँद पर चढाई' हा 'लाबेला'नंतरच्या वर्षी निघालेला बोलपट. चित्रपटगृहाबाहेरच्या फलकावर ज्याचे नाव एकेकाळी सर्वांत मोठे असे, तो चौपन्नाव्या वर्षी दुसऱ्या एका मल्लाच्या मागून, त्याचा सोबती होऊन, चंद्रावर गेला आहे.

ही माहिती ठेवून चित्रपट पाहिला की त्यात एक निराळाच अर्थ दिसू लागतो. संस्कृत नाटकात विदूषक राजाचा मित्र असतो. तमाशाच्या वगात सोंगाड्या राजाच्या शेजारी उभा राहून त्याच्या राजेपणाला टाचणी लावतो. भागूची जागा याच परंपरेतील आहे. परंतु चित्रपटाने त्याला टाचणी दिलेली नाही. त्याने घाबरावे, गोंधळावे, आणि पराक्रम नायकाने करावा, एवढीच त्याची कामगिरी. ज्याने स्वतः अशा मारामाऱ्या केल्या आहेत, त्यानेच मारामारीची थट्टा करावी, यापेक्षा मार्मिक विनोद कोणता झाला असता? तसा एकही प्रसंग लेखकाला सुचला नाही.

आणि आता आम्ही आमच्या मुख्य मुद्द्यापाशी परत येतो. भगवान यांच्या नृत्याचे वैशिष्ट्य काय होते? ते उड्या मारीत नाहीत, गिरक्या घेत नाहीत. आखूड पावले, खांद्यांची किंचित हालचाल, हातांचे सहज झोके. अंग स्थूल असूनही त्यात भार जाणवत नाही. आजही लग्नाच्या वरातीत आणि गणपतीच्या मिरवणुकीत ज्याला नाच शिकविलेला नाही असा माणूस ज्या ढंगाने नाचतो, तो पुष्कळसा त्यांचाच ढंग आहे. पुढे अमिताभ बच्चन यांच्या नाचातही तो उतरला. दारासिंगची कला वजनाची, तर भगवान यांची कला हलकेपणाची. चंद्रावर जाण्यास या दोघांत अधिक लायक कोण? जेथे वजन जाते, तेथे मल्लाचे सर्व पेच निकामी व्हावेत आणि ज्याला सारे जण संपलेला समजतात त्या स्थूल, वयस्क नर्तकाने सहज पावले टाकीत वाट काढावी: हा चित्रपट या दोन नटांच्या आणि एका शास्त्रीय सत्याच्या बळावर घडू शकला असता. तिन्ही गोष्टी निर्मात्याच्या हाती होत्या. नट ठरलेले होते. सत्य तर फुकट होते.

म्हणून या चित्राचा दोष स्वस्तपणाचा आहे, असे आम्ही म्हणणार नाही. आपल्याजवळ काय आहे हे त्याने पाहिले नाही, हा त्याचा दोष आहे. आणि हा दोष भरपूर पैसा ओतलेल्या कृतींतही आढळतो. मावळत्या नटाविषयी आपण बहुधा दयेने बोलतो. भगवान यांच्या उत्तरायुष्याच्या हकीकती वाचताना डोळे ओले होतात, हे खरे. परंतु कलावंताला दयेपेक्षा काम हवे असते, आणि काम म्हणजे त्याच्या वाढत्या वयाला साजेशी, त्याच्या गतायुष्याची जाण असलेली भूमिका. ती त्यांना येथे मिळाली नाही, ही या चित्रपटातील खरी शोकांतिका आहे. राक्षसांच्या लटक्या कातड्यांपेक्षा ती अधिक गंभीर आहे.

बैठकीतील वादाचा निकाल काय लागला, हे सांगून थांबतो. चित्रपट पूर्ण दाखवावयाचा नाही, एकच कुस्ती दाखवावयाची, असे ठरले. ती पाहिल्यावर विज्ञानाच्या शिक्षकांनी मुलांना एवढेच विचारावे, की ही कुस्ती खरोखर चंद्रावर झाली असती तर कशी झाली असती? भाषेच्या शिक्षकांनी त्याचे उत्तर निबंधरूपाने लिहवून घ्यावे. ज्या गृहस्थांना अभिरुचीची चिंता वाटत होती, त्यांनीच ही निबंधाची कल्पना मांडली. पैनगंगेकाठच्या या मुलांपैकी एखाद्याच्या वहीत तरी दारासिंग तरंगत पडेल, आणि भागू त्याच्या शेजारून आखूड पावले टाकीत निघून जाईल, अशी आम्हांला आशा आहे.